डिस्क इमेजिंग

डिस्क इमेजिंग ही संगणकाच्या डिस्कवरील सर्व काही – ऑपरेटिंग सिस्टिम, इतर सॉफ्टवेअर, त्यांची मांडणी आणि फाईली – एकत्रितपणे एका प्रतीत साठवून ती प्रत अन्य संगणकांवर उतरवण्याची पद्धत आहे. अशा प्रतीला डिस्क इमेज किंवा नुसते इमेज म्हणतात. ज्या संगणकावरून ती घेतली जाते त्याला मूळ संगणक किंवा मास्टर संगणक असे म्हटले जाते. कार्यालये, बँका, प्रशिक्षण केंद्रे, शाळा-महाविद्यालयांचे संगणक कक्ष अशा ठिकाणी अनेक संगणक थोड्या वेळात वापरायोग्य करण्यासाठी या पद्धतीचा उपयोग होतो.

प्रत्येक संगणक स्वतंत्रपणे, हाताने तयार करायचा झाल्यास तीच ती कामे पुन्हा पुन्हा करावी लागतात आणि कोठे ना कोठे एखादी बाब राहून जाते. इमेजमुळे श्रम वाचतात व सर्व संगणक एकसारखे होतात. मात्र प्रत तंतोतंत असल्यामुळे मूळ संगणकातील चुका, त्यावर राहिलेली गोपनीय माहिती आणि त्या संगणकाची स्वतःची ओळखसुद्धा सर्व प्रतींमध्ये उतरते. त्यामुळे या पद्धतीत प्रत्यक्ष प्रत काढण्याच्या क्रियेपेक्षा तिच्या आधीच्या तयारीला अधिक महत्त्व आहे.

संकल्पना

पूर्वी शाळांमध्ये प्रश्नपत्रिका सायक्लोस्टाइल करीत असत. स्टेन्सिल कापताना एक अक्षर चुकले तर ती चूक वर्गातील प्रत्येक प्रतीत उमटे. डिस्क इमेजचे तत्त्व असेच आहे. फरक इतकाच की, प्रश्नपत्रिकेच्या सर्व प्रती सारख्या असणे हाच तेथे हेतू असतो. संगणकांच्या बाबतीत मात्र प्रतींमधील बराचसा भाग सारखा आणि थोडा भाग प्रत्येकाचा वेगळा असावा लागतो. संगणकाचे नाव, त्याचा सुरक्षा ओळखक्रमांक, परवान्याची नोंद या गोष्टी त्या वेगळ्या भागात मोडतात.

प्रकार

इमेज घेण्याच्या रीतीवरून तिचे तीन प्रकार मानले जातात.

१. सेक्टरनिहाय इमेज – डिस्कवरील प्रत्येक सेक्टर, मग तो वापरात असो वा नसो, जसाच्या तसा उतरवला जातो. ५०० जीबीच्या डिस्कवर केवळ ४० जीबी मजकूर असला तरी वाचन ५०० जीबीचे होते. खोडलेल्या फाईलींचे अवशेषही प्रतीत येतात. न्यायवैद्यक तपासात हे आवश्यक असते. कार्यालयीन वापरात मात्र ते अडचणीचे ठरते.

२. वापरातील ब्लॉकची इमेज – फाईल सिस्टिमची रचना ओळखून केवळ वापरात असलेले ब्लॉक घेतले जातात. क्लोनझिला, फॉग यांसारखी सॉफ्टवेअर ज्या पार्टक्लोन या साधनावर चालतात, ते याच रीतीने काम करते. साधारणपणे ज्या डिस्कवर अशी इमेज उतरवायची ती मूळ डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठी असावी लागते.

३. फाईलनिहाय इमेज – डिस्कवरील जागांऐवजी फाईली व त्यांचे गुणधर्म साठवले जातात. विंडोज व्हिस्टाबरोबर आलेला विम हा मायक्रोसॉफ्टचा प्रकार याचे प्रमुख उदाहरण होय. यात एकच फाईल अनेक ठिकाणी असल्यास ती एकदाच साठवली जाते. त्यामुळे एका विम फाईलमध्ये विंडोजच्या अनेक आवृत्त्या थोड्या जागेत मावतात. अशी इमेज लहान डिस्कवरही उतरवता येते, फक्त मजकूर तीत मावला पाहिजे.

इतिहास

डिस्कची जशीच्या तशी प्रत काढणारी डीडी ही आज्ञा युनिक्समध्ये १९७० च्या दशकापासून आहे. वैयक्तिक संगणकांच्या क्षेत्रात या पद्धतीचा प्रसार घोस्ट या सॉफ्टवेअरने केला. न्यूझीलंडमधील मरे हॅझर्ड यांनी १९९५ मध्ये बायनरी रिसर्च या कंपनीसाठी ते तयार केले. १९९८ मध्ये सिमँटेकने ते विकत घेतले. त्याचा वापर इतका वाढला की, ‘घोस्टिंग’ हे या क्रियेचेच नाव होऊन बसले.

इंटेलने प्रसृत केलेल्या पीएक्सई या मानकाची २.१ ही आवृत्ती सप्टेंबर १९९९ मध्ये आली. या मानकामुळे डिस्क कोरी असलेला संगणकही नेटवर्कवरून सुरू करता येऊ लागला. त्यामुळे प्रत्येक संगणकापाशी फ्लॉपी वा सीडी घेऊन जाण्याची गरज उरली नाही. विंडोज २००० बरोबर मायक्रोसॉफ्टने रिमोट इन्स्टॉलेशन सर्व्हिसेस ही सेवा दिली. पुढे तिची जागा विंडोज डिप्लॉयमेंट सर्व्हिसेसने घेतली. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये तैवानच्या राष्ट्रीय उच्चक्षमता संगणन केंद्रात विकसित झालेले क्लोनझिला आणि २००७ मध्ये सुरू झालेला फॉग प्रकल्प हे विशेष प्रचलित आहेत. दोन्हींच्या वापरासाठी शुल्क नाही.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या एखाद्या आवृत्तीचा आधार संपतो, त्या वेळी सामूहिक स्थापनेचे काम विशेष वाढते. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

कार्यपद्धती

सामूहिक स्थापनेचे काम साधारणतः पुढील क्रमाने होते.

मूळ संगणकाची सिद्धता – एका संगणकावर ऑपरेटिंग सिस्टिम, तिची अद्यतने व सर्वांना लागणारे सॉफ्टवेअर बसवले जाते. एकाच व्यक्तीला किंवा विभागाला लागणारे सॉफ्टवेअर इमेजमध्ये घालत नाहीत. या संगणकावर कोणाचेही खासगी दस्तऐवज, ई-मेल खाते किंवा ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड असता कामा नयेत. त्यामुळे आधी वापरात असलेला संगणक मूळ म्हणून घेण्याऐवजी नव्याने सर्व बसवणे इष्ट ठरते. या टप्प्यावर संगणक कार्यालयाच्या डोमेनमध्ये सामील केला जात नाही. ते काम इमेज उतरवल्यानंतर प्रत्येक संगणकावर स्वतंत्रपणे होते.

सामान्यीकरण – मूळ संगणकाची स्वतःची ओळख पुसून टाकण्याच्या क्रियेला सामान्यीकरण म्हणतात. विंडोजमध्ये ते सिसप्रेप या साधनाने केले जाते. त्यानंतर संगणक बंद होतो. तो पुन्हा विंडोजमध्ये सुरू केल्यास नवी ओळख धारण करतो व केलेली तयारी वाया जाते. म्हणून इमेज घेण्यासाठी तो पेनड्राइव्हवरून किंवा नेटवर्कवरून सुरू करावा लागतो.

इमेज घेणे – प्रत बाहेरील डिस्कवर किंवा सर्व्हरवर साठवली जाते. तिच्यासोबत दिनांक, त्यात काय आहे याची यादी आणि पडताळणीसाठी एसएचए-२५६ सारखी बेरीज नोंदवण्याची प्रथा आहे.

चाचणी – इमेज प्रथम एकाच संगणकावर उतरवून छपाई, नेटवर्क, ध्वनी, भाषा व रोजच्या कामाचे सॉफ्टवेअर तपासले जाते. या टप्प्यावर सापडलेली चूक एकदाच दुरुस्त करावी लागते. पुढे सापडली तर तीच चूक प्रत्येक संगणकावर दुरुस्त करावी लागते.

वितरण – चाचणी पूर्ण झालेली इमेज उरलेल्या संगणकांवर उतरवली जाते. ज्या डिस्कवर इमेज उतरते तिच्यावरील पूर्वीचा सर्व मजकूर नष्ट होतो. म्हणून वापरात असलेल्या संगणकांवरील दस्तऐवज आधी अन्यत्र सुरक्षित ठेवून ते उघडतात याची खात्री करावी लागते. घेण्याची डिस्क आणि देण्याची डिस्क यांची निवड उलटी झाल्यास मूळ संगणकच कोरा होतो. या पद्धतीतील अपघातांमध्ये हा नेहमीचा अपघात होय.

नंतरची मांडणी – प्रत्येक संगणकाला नाव दिले जाते, तो डोमेनमध्ये सामील केला जातो आणि प्रिंटर व वापरकर्ते जोडले जातात. विंडोजमध्ये यातील बराचसा भाग उत्तर-फाईलच्या साहाय्याने आपोआप करता येतो.

नेटवर्कवरून वितरण

पीएक्सई पद्धतीत संगणक सुरू होताना नेटवर्क कार्ड प्रथम डीएचसीपी सर्व्हरकडे आयपी पत्ता मागते. सुरुवातीची फाईल कोठे मिळेल हेही त्याला सांगितले जाते. ती छोटी फाईल टीएफटीपीने उतरते व त्यानंतर इमेज उतरवणारा कार्यक्रम सुरू होतो.

इमेज पाठवण्याच्या दोन रीती आहेत. युनिकास्टमध्ये प्रत्येक संगणकाला स्वतंत्र प्रत पाठवली जाते. मल्टिकास्टमध्ये एकच प्रवाह सर्व संगणक एकाच वेळी ग्रहण करतात. या दोहोंतील फरक साध्या गणिताने स्पष्ट होतो. २० जीबीची इमेज ३० संगणकांवर पाठवायची असल्यास युनिकास्टने सर्व्हरला ६०० जीबी पाठवावे लागतात. १०० मेगाबिट गतीच्या नेटवर्कवर सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ एमबी जातात. म्हणजे एका प्रतीला सुमारे २७ मिनिटे आणि तीस प्रतींना १३ तास २० मिनिटे लागतील. एक गिगाबिट गतीवर हेच काम १ तास २० मिनिटांत होईल. मल्टिकास्टने मात्र तीसही संगणकांना एका प्रतीएवढाच वेळ पुरतो. प्रत्यक्षात डिस्कच्या लेखनगतीमुळे याहून अधिक वेळ लागतो. शिवाय मल्टिकास्टमध्ये सर्वांत मंद संगणक ज्या गतीने घेईल त्याच गतीने सर्वांना थांबावे लागते. नेटवर्क स्विचमध्ये आयजीएमपी स्नूपिंग नसल्यास हा प्रवाह इमेजशी संबंध नसलेल्या संगणकांकडेही जातो व संपूर्ण कार्यालयाचे नेटवर्क मंदावते. त्यामुळे हे काम कार्यालयीन वेळेनंतर किंवा वेगळ्या स्विचवर करतात.

ओळखीची द्विरुक्ती

सामान्यीकरण न करता इमेज वाटल्यास सर्व संगणक चालू तर होतात. परंतु नेटवर्कच्या दृष्टीने ते एकमेकांपासून ओळखता येत नाहीत. त्याचे परिणाम बहुधा उशिरा आणि भलत्याच ठिकाणी दिसतात.

विंडोजच्या स्थापनेच्या वेळी प्रत्येक संगणकाला एसआयडी हा सुरक्षा ओळखक्रमांक मिळतो. तो दुहेरी झाल्यास काय बिघडते, हा दीर्घकाळ वादाचा विषय होता. न्यूएसआयडी या तो क्रमांक बदलणाऱ्या साधनाचे एक निर्माते मार्क रुसिनोविच यांनी २००९ मध्ये अशा दुहेरीपणाने प्रत्यक्ष हानी होत नाही असे प्रतिपादन केले आणि ते साधन मागे घेण्यात आले. तरीही सिसप्रेपविना वाटलेल्या इमेजना मायक्रोसॉफ्टने अधिकृत मान्यता दिली नाही. २०२५ मध्ये हा प्रश्न पुन्हा पुढे आला. २९ ऑगस्ट २०२५ व त्यानंतरच्या अद्यतनांपासून विंडोज ११ च्या २४एच२ व २५एच२ आवृत्त्या आणि विंडोज सर्व्हर २०२५ हे एसआयडीची अधिक काटेकोर तपासणी करू लागले. परिणामी समान एसआयडी असलेल्या संगणकांमध्ये केर्बेरॉस व एनटीएलएम प्रमाणीकरण अयशस्वी होऊ लागले. वर्षानुवर्षे सुरळीत चाललेल्या सामायिक फोल्डरमध्ये यामुळे अचानक प्रवेश नाकारला जाऊ शकतो.

अद्यतने वाटणाऱ्या डब्ल्यूएसयूएस सर्व्हरच्या बाबतीतही असेच घडते. तेथील ओळखक्रमांक समान असलेले अनेक संगणक यादीत एकच संगणक म्हणून दिसतात. त्यामुळे कोणत्या संगणकाला सुरक्षा अद्यतन मिळाले नाही, हे कळत नाही. लिनक्समध्ये मशीन-आयडी ही फाईल आणि एसएसएच सर्व्हरच्या चाव्या इमेज घेण्यापूर्वी काढून टाकाव्या लागतात. मशीन-आयडी समान राहिल्यास काही मांडणींमध्ये दोन संगणक डीएचसीपीकडून एकच आयपी पत्ता मागतात.

हार्डवेअरची भिन्नता

विंडोज एक्सपीच्या काळात वेगळ्या जातीच्या मदरबोर्डवर उतरवलेली इमेज अनेकदा सुरूच होत नसे. व्हिस्टापासून ही अडचण कमी झाली. तरीही डिस्क नियंत्रकाची पद्धत भिन्न असल्यास निळा पडदा येऊ शकतो. जुन्या बायोस व एमबीआर पद्धतीची इमेज यूईएफआय व जीपीटी पद्धतीच्या संगणकावर तशीच चालत नाही. एकाच खरेदीत आलेल्या एकाच मॉडेलच्या संगणकांवर ही पद्धत सर्वांत सुलभ ठरते. मॉडेल अनेक असल्यास सामायिक इमेज ठेवून ड्रायव्हर स्वतंत्रपणे पुरवले जातात.

परवाने

इमेजची प्रत काढता आली म्हणजे सॉफ्टवेअरच्या वापराचा हक्क मिळाला असे होत नाही. प्रत्येक संगणकासाठी स्वतंत्र परवाना आवश्यक असतो. संगणकाबरोबर आलेला विंडोजचा ओईएम परवाना त्या संगणकापुरताच असतो. मायक्रोसॉफ्टच्या नियमांनुसार, संस्थेकडे त्याच उत्पादनाचा किमान एक समूह परवाना असल्यास परवानाधारक संगणकांवर समूह परवान्याच्या माध्यमातून तयार केलेली इमेज उतरवता येते.

मोठ्या कार्यालयांमध्ये सक्रियतेसाठी केएमएस सर्व्हर असतो. विंडोजच्या ग्राहक आवृत्त्यांसाठी त्याच्याकडे किमान २५ संगणकांची नोंद व्हावी लागते. सामान्यीकरण न केलेल्या प्रतींचा केएमएस ओळखक्रमांक एकच राहतो. त्यामुळे तीस संगणक असूनही नोंद एकाचीच होते आणि एकही संगणक सक्रिय होत नाही.

सुरक्षा

इमेजमध्ये स्थानिक प्रशासकाचा जो पासवर्ड असतो तोच सर्व संगणकांवर जातो. परिणामी एका संगणकावरून तो हाती लागल्यास सर्व संगणक खुले होतात. प्रत्येक संगणकाला वेगळा पासवर्ड देऊन तो ठरावीक काळाने बदलण्यासाठी मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये लॅप्स हे साधन उपलब्ध केले. उत्तर-फाईलमध्ये लिहिलेले पासवर्डही काम संपल्यावर काढून टाकावे लागतात. इमेज जितकी जुनी, तितकी तिच्यातील सुरक्षा अद्यतनेही जुनी असतात. म्हणून ती ठरावीक काळाने नव्याने तयार केली जाते.

नॉटपेट्या हल्ला आणि न्हावा शेवा

एका वेळी हजारो संगणक नव्याने उभे करण्याचे एक बहुचर्चित उदाहरण महाराष्ट्राच्या किनाऱ्याशी संबंधित आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या हे घातक सॉफ्टवेअर युक्रेनमधील एका लेखा सॉफ्टवेअरच्या अद्यतनातून पसरले. विंडोजमधील त्रुटींबरोबरच संगणकाच्या स्मृतीतून मिळवलेल्या पासवर्डचा वापर करून ते एका संगणकावरून दुसऱ्यावर जात असे. मेर्स्क या जहाज वाहतूक समूहाला त्याचा मोठा फटका बसला. रायगड जिल्ह्यातील न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात या समूहाकडून चालवले जाणारे गेटवे टर्मिनल्स इंडिया हे कंटेनर टर्मिनलही त्यात सापडले व तेथील कामकाज विस्कळीत झाले.

समूहाचे तत्कालीन अध्यक्ष जिम हागेमान स्नाबे यांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोस येथे सांगितल्यानुसार, दहा दिवसांत ४,००० सर्व्हर, ४५,००० संगणक व २,५०० उपयोजने पुन्हा बसवण्यात आली. प्रसारमाध्यमांतील वृत्तांनुसार, संगणक पुन्हा बसवण्यापेक्षा अवघड प्रश्न वेगळाच होता. कोणता वापरकर्ता व कोणता संगणक कोण आहे याची नोंद ठेवणारे डोमेन नियंत्रक एकमेकांची प्रत ठेवीत असल्याने सर्वत्र एकाच वेळी नष्ट झाले होते. घानामधील एक नियंत्रक मात्र हल्ल्याच्या वेळी वीज गेल्यामुळे बंद होता. तो तेवढा वाचला, आणि त्याच्या डिस्कवरील माहिती प्रत्यक्ष विमानाने इंग्लंडला नेऊन पुढील उभारणी करण्यात आली. यंत्राची प्रत पुन्हा काढता येते. ओळखीच्या नोंदी गेल्या तर त्या कोणत्याही इमेजमधून परत मिळत नाहीत. त्यांची नेटवर्कपासून अलग ठेवलेली प्रत असणे आवश्यक असते, हे या घटनेने दाखवून दिले.

मराठी कार्यालयांच्या संदर्भात

मराठीत कामकाज चालणाऱ्या कार्यालयात मूळ संगणकाच्या तयारीत भाषेची व्यवस्था हा स्वतंत्र भाग असतो. विंडोजमध्ये मंगल, निर्मला यूआय हे देवनागरी युनिकोड फॉन्ट उपलब्ध आहेत. कळफलकासाठी १९८६ मध्ये प्रमाणित झालेला इन्स्क्रिप्ट आराखडा निवडता येतो. मात्र मूळ संगणकाच्या प्रशासक खात्यात केलेली कळफलकाची निवड नव्या वापरकर्त्यांच्या खात्यांत आपोआप येईलच असे नाही. ती उत्तर-फाईलमधून निश्चित करावी लागते. अन्यथा संगणक तयार असतात, परंतु दुसऱ्या दिवशी कामावर आलेल्या लिपिकाला मराठी टंकलेखन करता येत नाही.

युनिकोडपूर्व काळात श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेले जुने दस्तऐवज तो फॉन्ट नसल्यास निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसतात. असे फॉन्ट इमेजमधून वगळले गेल्यास जुन्या नोंदी एकाच दिवशी सर्व टेबलांवर अवाचनीय होतात. हे फॉन्ट परवान्याने विकले जात असल्यास त्यांची प्रतींची मर्यादाही पाळावी लागते.

ग्रामीण भागात दोन भिन्न परिस्थिती शेजारी शेजारी आढळतात. पुणे–सोलापूर महामार्गावरील लोणी देवकर (ता. इंदापूर) येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे औद्योगिक क्षेत्र आहे. एकाच आवारात अनेक संगणक असलेल्या कारखान्याच्या कार्यालयासाठी नेटवर्कवरील मल्टिकास्ट योग्य ठरते. ग्रामपंचायतींचे चित्र वेगळे असते. २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘संग्राम’ प्रकल्पातून राज्यातील ग्रामपंचायतींमध्ये संगणकीकृत कामकाज आले. अशा कार्यालयात एक-दोनच संगणक असतात व ती एकमेकांपासून दूर असतात. तेथे नेटवर्कऐवजी पेनड्राइव्ह किंवा बाहेरील डिस्कवरील इमेज सोयीची असते. त्या जागी इमेजचा मुख्य उपयोग सामूहिक स्थापनेपेक्षा बिघाडानंतर संगणक लवकर पूर्ववत करण्यासाठी होतो.

इमेज उतरत असताना वीज गेल्यास डिस्क अर्धवट लिहिली जाते व संगणक सुरू होत नाही. काम प्रारंभापासून पुन्हा करावे लागते. भारनियमन असलेल्या भागात सर्व्हर, स्विच आणि संगणक या तिन्हींना यूपीएसचा आधार असणे म्हणूनच आवश्यक मानले जाते.

मर्यादा व पर्याय

इमेज हा दस्तऐवजांच्या नियमित बॅकअपचा पर्याय नाही. ती घेतल्यानंतर झालेले काम तिच्यात नसते. संगणकांची मॉडेल व वापरकर्त्यांच्या गरजा फार भिन्न असल्यास इमेजची संख्या वाढत जाते व ती अद्ययावत ठेवण्याचा भार मूळ श्रमांइतकाच होतो.

त्यामुळे अलीकडे मोठी इमेज टाळून ऑपरेटिंग सिस्टिम स्वच्छ बसवणे आणि सॉफ्टवेअर नंतर आज्ञांच्या साहाय्याने आपोआप बसवणे, ही पद्धत वाढत आहे. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये आणलेल्या ऑटोपायलट सेवेत नव्या संगणकावर कारखान्यातून आलेली विंडोजच ठेवून इंटरनेटद्वारे संस्थेची मांडणी लागू केली जाते. विंडोज ११ पासून स्थापना-माध्यमातील बूट फाईल वापरून विंडोज डिप्लॉयमेंट सर्व्हिसेसद्वारे थेट स्थापना करण्याचा मार्ग बंद करण्यात आला आहे. तथापि इंटरनेटची गती मर्यादित असलेली ठिकाणे, परीक्षा केंद्रे, प्रशिक्षण वर्ग आणि मुक्त सॉफ्टवेअरवर चालणारे संगणक कक्ष येथे डिस्क इमेजिंगचे स्थान कायम आहे.

हेही पहा

ऑपरेटिंग सिस्टिम
संगणक नेटवर्क
बॅकअप
मुक्त सॉफ्टवेअर
युनिकोड
इन्स्क्रिप्ट कळफलक